ताक न मिळालेली माणसं

अण्णा,

दौंडच्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसायचात आणि मी शेजारी शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करत असायचे. अशाच एका रविवारी, कुणाच्या तरी बारशाचं जेवण बाधून, आपली अर्धी चाळ उलट्यांनी आडवी झाली. सगळे श्रीखंडाला दोष देत होते. तुम्ही मात्र आजाऱ्यांना औषध देऊन धडधाकट लोकांची दारं वाजवायला निघालात. मी विचारलं, "ते तर बरे आहेत, त्यांना कशाला विचारायचं?" तुम्ही म्हणालात, "आजारी माणूस काय खाल्लं ते सांगतो. काय खाल्लं नाही म्हणून वाचला, ते बरा राहिलेला माणूस सांगतो." श्रीखंड सगळ्यांनीच खाल्लं होतं, ते सुटलं. ओल्या खोबऱ्याची चटणी सापडली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ती चटणी कुणाच्या घरून आली होती हे ऐटीत सांगून आले. संध्याकाळी तुम्ही आवाज न चढवता एवढंच म्हणालात, "चटणी सांगायची होती, बाळ. घर नाही."

ही गोष्ट मी सासरी किती वेळा अभिमानानं सांगितली असेल! निमोण्याच्या पुढच्या या गावात जत्रेला पालखीपुढे ताक वाटायचा मान आमच्या घराचा. यंदा चैत्रात ऊन फार, म्हणून रांजणात बाहेरून आणलेली बर्फाची लादी फोडून घातली. तिसऱ्या दिवसापासून गावात जुलाब सुरू झाले. दोन म्हाताऱ्यांना शिरूरला सलाईन लावावं लागलं. गावानं विचारपूस न करताच ठरवलं, हे ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांवरून आलं. माझे दीर सरपंच. त्यांनी कोप्यांजवळच्या नळाला कुलूप घातलं.

तुमची आठवण काढत मी आधी गावात फिरले. ज्यांनी ताक घेतलं नव्हतं ती माणसं बहुतेक बरी. मग कोप्यांवर गेले. एक बाई कालव्याच्या गढूळ पाण्याची कळशी उतरवते आहे, पोरं भोवती पळताहेत. मी विचारते, कुणाला जुलाब? ती हसते.

"आमच्यात कुनालाच काय न्हाई झालं, बाई. तुमचं ताक कुठं गावलं आमाला? तुमीच म्हनला, आदी गावाचं हू द्या. गावाचं झालं, रांजन रिकामा. वाचलो की मंग!"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. अण्णा, मीच म्हणाले होते तसं. पळी माझ्याच हातात होती. आम्ही ज्यांना रांगेत मागे ठेवलं, तेच बरे राहून आमच्या रांजणाकडे बोट दाखवत होते.

घरी येऊन दिरांना सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "वैनी, तुमचे वडीलच म्हनायचे न्हवं, घराचं नाव घ्यायचं न्हाई? मंग आपल्याच घराचं कशाला घेताय?"

खरं सांगायचं तर क्षणभर बरंच वाटलं. दुसऱ्याची लाज झाकायला तुम्ही दिलेलं वाक्य आमची झाकायला अगदी नेमकं बसत होतं. पण तेव्हा चटणी संपलेली होती. इथे कुलूप अजून आहे, आणि ती पोरं कालव्याचं पाणी पिताहेत. आज ना उद्या आजारी पडतील आणि गाव म्हणेल, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

म्हणून ठरवलंय. फ्रीजमध्ये त्या दिवशीच्या ताकाची एक बाटली उरली आहे. ती आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना, रांजण कुणाचा होता या माहितीसकट. दोष बर्फाचा की आमच्या टाकीतल्या पाण्याचा, ते त्या शोधतील. नळाची किल्ली दिरांच्या खुंटीवर आहे. ती कोप्यांवरच्या त्या बाईला, आजच, मीच नेऊन देईन. रांजण दिरांना. मान त्यांनाच ठेवायचा असेल तर ठेवू देत. पळी मी पुन्हा हातात घेणार नाही.

हे पत्र मात्र कुणालाच नको, तुम्हालाही नाही. कोप्यांवर मी तुमच्यासारखीच विचारायला गेले होते, असं वर लिहिलंय खरं. पण दारोदार वाकून विचारताना मनात एकच होतं, की यांच्यातलं एखादं तरी पोर आजारी निघावं.