हिरवा दोरा, काळा मोजा

मी, ग्रेस शामुवेल कसबे, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार शिरूर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. येत्या सोमवारी पुण्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहतं घर आणि मागचं शेवग्याचं झाड माझी भाची जेसिका हिला द्यावं. शेंगा शेजारच्या विठाबाईंनी तोडू नयेत. त्या तोडणारच, पण लिहून ठेवलेलं बरं.

२. बँकेतली शिल्लक माझ्या दफनाला वापरावी. माझ्या पायांत नवे नायलॉनचे मोजे घालू नयेत. मी रफू केलेले राखाडी लोकरीचे घालावेत. पाळकसाहेबांना हसू आलं तर त्यांनी प्रार्थनेआधी हसून घ्यावं.

३. रफूच्या सुया, दोऱ्यांचा डबा आणि फ्यूज गेलेला शंभराचा बल्ब. हा बल्ब मोज्यात घातला की टाच ताणून बसते आणि भोकावर उभे-आडवे धागे विणता येतात. चाळीस वर्षांत फुटला नाही. हे सगळं जेसिकाचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ एडविन, रेल्वेतून निवृत्त, राहणार दौंड, याला द्यावं. कारण खाली.

४. नऊ वर्षांपूर्वी जेसिकाच्या साखरपुड्याला मुलाकडच्यांच्या दारात एडविनने बूट काढले. काळ्या मोज्यावर माझं हिरवं रफू दिसलं. काळा दोरा संपला होता, मी काय करणार? व्याही हसले. तर हा पठ्ठ्या भरल्या घरात म्हणतो, "आमच्या ताईचं काम हाय. तिला आता दिसत न्हाई, आन् अक्कल तर कवाच नव्हती." मी पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. तेव्हापासून बोलणं बंद.

५. मात्र दर दोन महिन्यांनी त्याच्या फाटक्या मोज्यांची पिशवी येते. आमचे इनुसभाई टेम्पोने दौंडला अंडी पोचवतात, येताना ती आणतात. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मीही मुकाट्याने रफू करते, मुद्दाम हिरव्याच दोऱ्याने, आणि परत धाडते.

६. आता स्पष्टच लिहिते. झिजून पडलेल्या भोकाच्या कडा विरतात, धागे लोंबतात. गेली तीन-चार वर्षं येणाऱ्या मोज्यांची टाच कोरी करकरीत आणि भोकाची कड सरळ. एडविन, गाढवा, कात्रीने पाडलेलं भोक मला कळत नाही होय रे? उभी हयात मी शिवण शिकवलं! इतके दिवस गप्प बसले, कारण बोलले तर पिशवी यायची थांबेल अशी भीती वाटली. मला तुझी फार आठवण येते. झालं, लिहिलं एकदाचं.

७. या मृत्युपत्राची नक्कल तुझ्या डाव्या मोज्यात घालून पाठवत आहे. उजवा शिवला नाही, इथेच ठेवला आहे. मी गेल्यावर आलास तर कलम तीनप्रमाणे बल्ब मिळेल. शनिवारी आलास तर मटण मिळेल. इनुसभाईंच्या टेम्पोत पुढची सीट रिकामी असते. कात्री तिकडेच ठेवून ये.

ठिकाण: शिरूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
(सही) ग्रेस शा. कसबे

साक्षीदार:
१. हौसराव ढमढेरे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर हाय. पेन उलटा धरला म्हणून मला झापलं.
२. इनुस शेख. मीबी समोर होतो. बाई, शनिवारपतुर कशाला थांबायचं? मोजा आत्ताच घेऊन निघतो. पुढची सीट पुसून ठेवलीया.