तीस बोर्ड आणि वन्सं

४ मार्च

एक बोर्ड. दिवसभरात एक! अंडी उबवायच्या पेट्यांसाठी तीस सर्किट बोर्ड द्यायचेत, महिनाअखेरपर्यंत. नव्या डिझाइनमधले पार्ट तिळाहून बारीक. मागच्या खोलीत वन्सं चिमटा धरून, पंखा बंद करून, घामाघूम. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "वारा आत आणू नकोस."

खोली माझी, धंदा माझा. तरी दार लावून घेतलं.

५ मार्च

बाहेरून बनवून घ्यावेत का? नुसतं मनात आलं तरी घरभेदी झाल्यासारखं वाटतं. एकच गिऱ्हाईक होतं तेव्हापासून बोर्ड जोडायचं सगळं काम वन्संनीच केलंय. नवऱ्याला विचारलं. "ती तुझी कामगार आहे की माझी बहीण, ते आधी ठरव. बहीण असेल तर मी आंघोळीला चाललो."

आणि खरंच गेला. दुसऱ्यांदा.

८ मार्च

मशीनवर बोर्ड जोडून देतात, त्या मशीनवाल्यांच्या कारखान्यात जाऊन आले. वन्संना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. कोणता दात, हेही त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं तर दात आधी ठरवायला हवा होता.

मशीन मात्र बघत राहावं असं. टकटक, टकटक — एकही पार्ट वाकडा बसत नाही.

"तीस बोर्डांना किती वेळ?"

"दहा मिनिटं, ताई."

"बस?"

"मशीन लावायला अर्धा दिवस. तो तीसला तेवढाच, तीन हजारांनाही तेवढाच. डिझाइन बदललं की पुन्हा पहिल्यापासून."

आमचं गिऱ्हाईक दर खेपेला डिझाइन बदलतं. वन्सं दोन तास कुरकुरतात आणि बदल करून देतात. मशीन कुरकुरत नाही, पण अर्धा दिवस घेतं.

नमुन्यादाखल जोडायला पाच कोरे बोर्ड देऊन आले.

१५ मार्च

नमुने आले. पाचही एका छापाचे. वन्संचे बोर्ड ओळखू येतात, कोपऱ्यातलं सोल्डर जरा गुबगुबीत असतं. चाचणीत दोघांचेही पास! एखादा नापास झाला असता तर माझी सुटका होती. आता ठरवायचं मलाच.

१६ मार्च

सांगायचंच म्हणून आत गेले.

"वन्सं, मान दुखते का?"

"नाही."

"डोळे?"

"नाही. तुझा दात?"

परत आले.

१९ मार्च

वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं. "काही नाही," म्हणून गेल्या. कळलं वाटतं. नमुन्यांचं खोकं मी धुवायच्या कपड्यांखाली लपवलं होतं. कपडे धुतलेले दिसताहेत. नवरा म्हणतो, मी नाही धुतले. ते तर मी शपथेवर सांगेन.

२१ मार्च

ठरलं. घरातच. बॅच लहान, डिझाइन सारखं बदलणार, चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त. कारणं खरी आहेत. पण आधी निर्णय घेऊन मग ती गोळा केली का? स्वतःला कसून विचारलं. उत्तर आलं — थोडंसं हो.

मशीनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. मग वन्संना म्हणाले, "तुम्ही आहात तोवर एकही बोर्ड बाहेर जाणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. नवरा इतका खूश की त्याने चहा केला.

२२ मार्च

ते पाणी आनंदाचं नव्हतं. मैत्रिणीच्या रोपवाटिकेत वन्संना काम मिळालंय. माझा धंदा बसेल म्हणून महिनाभर गप्प होत्या. आज धीर करून बोलल्या, "अगं, आठ वर्षं मनसोक्त शिंकले नाही मी." सोमवारपासून जाणार.

अर्धे बोर्ड अजून व्हायचेत. मशीनवाल्यांचा नंबर शोधते आहे. कालच पुसून टाकला — पुन्हा मोह नको म्हणून.