पाठमोरा

पाचोरा, १४ जानेवारी १९९४

प्रिय तानू,

तुझी चिठ्ठी कौतिकने काल आणून दिली. तुझा भाऊ चहालाही थांबला नाही, धुळ्याची एसटी गाठायची होती म्हणाला. तुझ्या हाताचं त्याच्याकडूनच कळलं. नवऱ्याने पिरगाळलेला उजवा हात नीट बसलाच नाही, तुझ्या खुणा आता तू राहतेस त्या मावशीला उमगत नाहीत. निंबाला उमगतील, असं तू लिहिलं आहेस.

उमगतील. जळगावच्या मूकबधिर शाळेतून तू सुटीत आलीस की आपण कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर बसायचो. रेडिओवर काय लागलंय, गल्लीत कोण कुणाला शिव्या देतंय, सगळं मी तुला सांगायचो. शिव्या तुला विशेष आवडायच्या. बोलता बोलता मी मान वळवली की हनुवटी धरून तू माझं तोंड तुझ्याकडे फिरवायचीस. सतराव्या वर्षी एका दुपारी धरलेली हनुवटी तू सोडली नाहीस. पोरं मला 'मुकीचं तोंड' म्हणायची. तू ते त्यांच्या ओठांवरून वाचलंस आणि हसलीस. मी हसलो नव्हतो.

तुला बघायला नरडाण्याचे पाहुणे आले, त्या सकाळी झुलाल नानांनी मला बाजूला घेतलं. तुझे वडील कुणाला विनवणारे नव्हते. त्यांनी माझा खांदा धरला. "तिना मनमा नही व्हई ते नको. तू तिले नीट इचार."

मी नीट विचारलं. तू नाही म्हणालीस. मग भुवईवरून बोट फिरवलंस. माझ्या भुवईवरच्या व्रणावरून तूच मला ठेवलेलं ते खुणेचं नाव. मुलाच्या काकाने आधी तुझं बोट पाहिलं, मग माझं कपाळ.

"काय म्हनस ती?"

दाराशी माझी आई उभी होती. मुकी सून घरात येणार नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. पण आईवर ढकलत नाही. मुकीचं तोंड होऊन जन्म काढायचा मलाच नव्हता. मी तुझ्याकडे पाठ केली आणि म्हणालो, हो म्हणते.

नाना सुटल्यासारखे हसले. ते हसू तू पाहिलंस, आणि तुला वाटलं, तुझं नाही ऐकूनही ते हसले. सहा वर्षं तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. त्यांच्या दहाव्यालाही आली नाहीस. मी तिथे होतो, जेवलोही.

तू चिठ्ठीत लिहिलंस, त्या दिवशी निंबाने खरं सांगितलं, नानांनी ऐकलं नाही. म्हणून सोमवारी नवऱ्याविरुद्ध कोर्टात माझं म्हणणं निंबाच सांगेल. तानू, नानांनी ऐकलं होतं. मी जे सांगितलं तेच त्यांनी ऐकलं. सोमवारी शाळेतल्या कमलबाईंना घेऊन जा. त्या बोलतील तेव्हा त्यांच्या समोर उभी राहा, ओठ दिसतील अशी. माझ्यासारख्याला पुन्हा पाठ फिरवू देऊ नकोस.

तुझाच, असं लिहायला हात धजत नाही.

निंबा