यात माय वाचते

बाबा, तुम्ही असता तर आज माझी बाजू घेतली असती. नातवाच्या वाढदिवसाला मी अकोल्याच्या दुकानातून व्हिडिओ गेम आणला आणि नेमका चुकीचा आणला. त्या कंपनीने पहिल्या गेमनंतर दुसरा काढला, तिसरा काढला, मग आकड्यांचा कंटाळा आला की काय, चौथ्याला पुन्हा पहिल्याचंच नाव दिलं. पुढे तो पहिलाच नव्याने बनवला, त्याचंही नाव तेच. दुकानदार मला विचारतो, "आजी, जुना पाहिजे, जुन्यातला नवा पाहिजे, की नवा?" मी काय सांगणार, कपाळ! घरी नातवाने डबी उलटसुलट करून पाहिली आणि मलाच समजावलं, "जाऊ दे आजी. यात हिरोची बहीण मरते. मला हवा होता त्यात तिला वाचवता येतं." मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले, कारण मला एकदम तुमचा भोंगा ऐकू आला.

सत्तरनंतरची ती वर्षं. मंगरूळपीरला आपल्या वस्तीमागच्या मैदानात तंबूचा टॉकीज लागायचा आणि तुम्ही टांग्यात बसून भोंग्यातून गावभर पिक्चर पुकारायचे. त्या साली माय तापाने गेली होती. मी चौथीत. घरात आपण दोघंच, म्हणून शाळा सुटली की तुम्ही मला टांग्यात शेजारी बसवायचे. तेव्हाच तो पिक्चर आला. आदल्या साली येऊन गेलेल्याचंच नाव, पोस्टरवर तशीच लेकराला कडेवर घेतलेली बाई. तो जुना पिक्चर मी मायच्या मांडीवर बसून पाहिला होता. हा नवीन बनवलेला, रंगीत, पण लोक पोस्टर बघत आणि "पाह्यला हाय ना आमी" म्हणून पुढे जात. तंबू रिकामा. मालकाने सांगून टाकलं की बाजाराच्या दिवशीही माणसं आली नाहीत तर तंबू उचलायचा. तंबू उठला की तुमचं काम जाणार, तुम्ही कामासाठी बाहेरगावी, आणि मी रिठदला मावशीकडे. तसं ठरलंच होतं. मावशी चांगली होती, पण मला तुम्हाला सोडून कुठेच जायचं नव्हतं.

बाजाराचा दिवस. टांगा भाजीवाल्यांच्या कडेला उभा आहे आणि तुम्ही मालकाने शिकवलेलं बोलताय, नवीन पिक्चर, रंगीत पिक्चर. एक जण हसून म्हणतो, "मागच्या सालीबी नवीनच म्हन्लं होतं तुमी." सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण भोंगा धरलेला हात खाली येतो. तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी, डोक्यावरची पाटी सांभाळत, टांग्याजवळ येते.

"बाबू, यातबी मरते काय रे थे माय? मरत असन तर मी नाई येत. मागच्या साली लय रडली मी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तुम्ही भोंगा तोंडाला लावला आणि मालकाचं सगळं शिकवलेलं सोडून सावकाश म्हणालात, "आयका. मागच्या सालच्या पिक्चरात माय मरते. यात माय वाचते. लेकरं घेऊन या."

मालक तिथेच पानाच्या ठेल्यावर उभा होता. धावत आला. "अरे, शेवटच सांगून टाकला तुमी! आता कायले येतीन लोक?"

"नाव एकच हाय दोघायचं, मालक," तुम्ही म्हणालात. "मंग कोनता हाय हे कसं सांगू?"

त्या संध्याकाळी तंबू भरला. बायका पोरांना घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी सासवांना घेऊन आल्या. शेवट माहीत असून आल्या. खरं तर शेवट माहीत होता म्हणूनच आल्या. पुढे कितीतरी वर्षं लोक त्या दोन पिक्चरांना 'माय मरते तो' आणि 'माय वाचते तो' असंच म्हणत, आणि कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते तुम्हाला टांग्यात बसल्या बसल्या सुचलं, याचा मला आजही फार अभिमान वाटतो. तंबू राहिला. मला रिठदला जावं लागलं नाही.

हे सगळं नातवाला सांगितलं, तो हसला, त्याला आवडलं. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही, ती इथे लिहिते. हा कागद तरी कुठे जाणार आहे? तुम्ही तंबूच्या दारावर असायचे आणि तुम्हाला वाटायचं मी शेजारच्या काकूकडे झोपले असेन. मी झोपत नव्हते. पिक्चरच्या शेवटी बरी झालेली ती आई दारात उभी राहून लेकीला जेवायला हाक मारते, ती हाक मैदानावरून थेट काकूच्या घरापर्यंत यायची. तंबूत तो पिक्चर होता तोवर मी रोज त्या हाकेची वाट पाहत पडून राहायची, आणि ती आली की गोधडीत तोंड घालून हळूच 'ओ' म्हणायची.