टॉवेलचं टोक

१२ एप्रिल १९८३

कामाला लागलो! कोळशाची खाण बंद पडल्यावर अख्खं वर्ष घरी बसून काढलं होतं. आता समुद्रकाठची अणुवीज भट्टी, भाड्याची खोली, सोबत किनुए आणि आमची आठ महिन्यांची चिहो. किनुएने निळ्या पट्ट्यांचा टॉवेल दिलाय, कोपऱ्यात माझं नाव शिवून. चिहोला दात येताहेत, हाती लागेल ते चघळते.

१४ एप्रिल

कामाचं शिकवणाऱ्या मास्तरांनी समजावलं : भट्टीत अणू फुटतात, ते नियंत्रणाचे दांडे आत सोडले की थांबतं. किरणोत्सारी धुळीचा क्षय मात्र कोणाला थांबवता येत नाही. त्या धुळीतला कोबाल्ट पाच वर्षांनी निम्मा, आणखी पाच वर्षांनी त्याच्याही निम्मा. मी विचारलं, मग संपतो कधी? सगळे हसले.

१९ एप्रिल

छातीवर एक डबी लावायची असते. किरण लागले की ती वाजते. वाजली की काम अर्धवट टाकून बाहेर, मजुरी बुडाली. तोमेजीसान आमच्यातले सगळ्यात जुने. म्हणाले, डबी म्हणजे सासू, तिचं ऐकत बसलास तर संसार व्हायचा नाही. ते ती कपडे बदलायच्या खोलीत, काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशातच ठेवतात. आता मीही. मुखवट्यात घाम डोळ्यांत उतरतो, म्हणून आत आपला टॉवेल बांधायचा. आत वापरलेलं कापड फाटकावर तपासणीत अडवतात, म्हणून तो मागच्या कुंपणावरून बाहेर फेकायचा आणि घरी जाताना उचलायचा.

३ मे

डबी चुकून खिशातून घरी आली. शर्ट खुंटीला लावला, टॉवेलशेजारी. वाजली. किनुए हसून म्हणाली, घरातही साहेबांचं बोलावणं? घाबरायला हवं होतं. मी भात खात राहिलो.

४ मे

टॉवेलजवळ वाजते, लांब नेली की गप्प. टॉवेल टेकडीमागे पुरला. किनुएला सांगितलं, हरवला. ती हळहळली. चिहो रडली की ती त्याचंच टोक तोंडात द्यायची म्हणे. रोज, मी आंघोळीला गेलो की—

५ मे

मुलांचा सण. शेजाऱ्यांनी सणाचे कापडी मासे काठीवर उभारलेत. चिहोचा पहिला दात दिसला.

डबी तिच्या पोटाशी धरली. वाजली.

माझ्याच अंगाला लागलं असेल. डबी किनुएला चिहोच्या पोटाशी धरायला देऊन मी रस्त्यापर्यंत गेलो. खिडकी उघडी होती—

वाजतेय.

डॉक्टरकडे न्यायचं, तर कुंपणाचं सांगावं लागेल. सांगतो. निघतोच. किनुए विचारतेय, थांबणार कधी ही?

पाच वर्षांनी निम्मं. चिहो तेव्हा शाळेत—