दादाने केलेली प्रार्थना

प्रिय आईस,
प्रभूच्या नावाने धाकटीचा सलाम.

मी आल्यापासून दादा दोन्ही वेळा नीट जेवतो, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

तू विचारलंस म्हणून लिहिते. वहिनी देवाघरी गेल्यावर त्याने प्रार्थना सोडली आणि बाटली धरली, हे खरं आहे. जेवताना मी डोळे मिटले की मुद्दाम म्हणायचा, "आटप गं, भाजी निवतेय."

काल मात्र त्याने आपणहून उरलेली दारू मोरीत ओतली. बाटली चांगली जाड होती, ती मी धुऊन तेलाला ठेवली. जेवायला बसल्यावर म्हणाला, "थांब, आज प्रार्थना मी करतो." डोळे मिटून एवढंच म्हणाला, "प्रभू, चुकलो मी. परत घरात घे." आणि लहान मुलासारखा रडला.

त्याला शाबासकीचं पत्र धाडू नकोस, लाजेल. पुन्हा पिणार नाहीच, असं मीही छातीठोकपणे सांगत नाही. तू रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेत जा.

मीही त्याच्याबरोबर रडत होते. त्यामुळे 'आमेन' म्हणायचं राहूनच गेलं. ते तू तिथून म्हण.

तुझी,
धाकटी