दोन वर्षं दोन महिने

९ नोव्हेंबर, रविवार

पाच किमीची शर्यत. ३१ मि. ४० से. साठीच्या गटात पहिली. मी! आम्हाला पळवणाऱ्या राऊत सरांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळच माझ्या नाकासमोर धरलं. कुसुम दुसरी, ३३ मि. आणि वर काहीतरी. कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "सिस्टर, तू मानूस हाय का हरीन?" हरणाचं माहीत नाही, गुडघे मात्र माणसाचेच आहेत. घरी येऊन तासभर तेल चोळत बसले.

दोन वर्षांपूर्वी नर्सच्या नोकरीतून रिटायर झाले तेव्हा साखरेसाठी चालायला लागले. चालता चालता इथवर. जुलैत साठ पूर्ण झाली तर शेजारची म्हणते, आता नातवंडं सांभाळा. मी म्हटलं, पकडून दाखवा आधी.

२१ डिसेंबरला अकोल्यात निवड. प्रत्येक गटातून एकच बाई राज्याला जाणार. मला जायचंय. लिहूनच ठेवते, म्हणजे मागाहून 'कुठे एवढं' म्हणता येणार नाही. उभ्या जन्मात छातीवर नंबर लावला नव्हता.

१२ नोव्हेंबर

मैदानाच्या आठ फेऱ्या. मग चार जोरात. कुसुम अर्ध्यातून गेली, बाजारात शेवंती उतरली होती, तिचं फुलांचं दुकान थांबत नाही. ह्यांनी आयुष्यभर एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यामुळे माझ्या गुडघ्याकडेही तसंच बघतात. "ग्रीस कमी झालं तुह्यं." अंडी उकडून ठेवली होती मात्र. तोंडाने कौतुक करतील तर शपथ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विजयने, म्हणजे दादाच्या मुलाने, मोबाइलवर एका कागदाचा फोटो पाठवला. पोरीच्या जात पडताळणीसाठी त्याने मूर्तिजापूर तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, पूर्वी कोतवालच लिहायचा. खाली विजयने लिहिलंय, "आत्या, तुमची बी नोंद सापडली."

बाबांचं नाव. पुढे 'मुलगी'. ११ सप्टेंबर. आणि साल माझ्या दाखल्यावरचं नाही. दोन वर्षं पुढचं.

चष्मा पुसला. फोटो मोठा केला. तेच.

बाबांना मुलगी एकच. मी.

१८ नोव्हेंबर

कशातच लक्ष नाही. वरण करपलं.

दाखल्यावर १ जुलै. आमच्या वर्गात निम्म्या पोरापोरींचा वाढदिवस १ जुलै होता, त्याचं कधी कोणाला काही वाटलं नाही. कागदाच्या मागे हिशेब केला, चारदा. फरक दोन वर्षं दोन महिने. मी साठची नाहीच. अठ्ठावन्न. तीही आत्ता सप्टेंबरात झालेली.

म्हणजे ज्या गटात पहिली आले त्या गटात मी नव्हतेच! पंचावन्नच्या गटात पहिली आलेली बाई २९ मि. च्या आत आली. त्यांच्यात मी सहावी. सहावी आलेल्या बाईकडे त्या दिवशी मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आणि नोकरी? दोन वर्षं आधीच नारळ दिला मला. आणि मी हसत हसत घेतला.

कुसुमचा फोन आला, उचलला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून रिक्षाने गावी. दादा ओट्यावर बसला होता. सत्तर झाला, पण सगळं लख्ख आठवतं. जयभीम होण्याच्या आधीच, "काहून वं, एवढ्या सकाळी?"

म्हटलं, दादा, माझं वय कोणी लिहिलं?

हसायलाच लागला. "गुरुजीनं. तुह्या हात पाहून."

तेव्हा शाळेत घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पोचला की पोरगं सहाचं, घ्या पहिलीत. मी पाचचीही नव्हते. आई निंदायला जायची, मला सांभाळायला कोणी नाही, म्हणून दादानेच नेलं. "तुह्या हात कान सोडून गळ्यापरेंत गेला. गुरुजी म्हने, ही सहाची नाही बाप्पा, सातची हाय! लिवून टाकलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनी हसली, विजय हसला, मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. याच लांब हातापायांचं राऊत सर रोज कौतुक करतात.

बडनेऱ्यापर्यंत गाडीत एकटीच हसत होते. उतरताना लग्न आठवलं.

२१ नोव्हेंबर

लग्न मे महिन्यातलं. कागदावर मी अठरा वर्षं दहा महिने.

खरी सोळा वर्षं आठ महिने.

मी. आरोग्यसेविका. तीस वर्षं गावोगाव बायकांना गोळा करून सांगितलं, पोरगी अठराची झाल्याशिवाय उजवू नका. वर स्वतःचं उदाहरण द्यायचे, आमच्या बाबांनी बघा, अठरा पूर्ण होऊ दिले. चांदूर बाजारकडच्या एका गावात तर एका बापाला सगळ्यांसमोर झापलं होतं. तो मान खाली घालून उभा होता.

पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वय तर बरोबर आहे, काय झालं कळत नाही. नोकरीत अठराच्या आतल्या पोरींच्या कार्डावर मी लाल शाईने लिहायचे, जोखमीची. म्हणजे माझ्या कार्डावर

२३ नोव्हेंबर

पळायला गेले नाही. तिसरा दिवस.

दादाला फोन केला. एकच विचारलं. बाबांना माहीत होतं?

तो म्हणाला, "आई म्हने सतरावं लागलं हाय फक्त. बाबा म्हने, दाखल्यावर अठरा हाय न, सरकारच म्हनते."

"दादा, तू होता तिथं?"

"होतो न. म्याच तं शाळेतून दाखला काढून आनला."

विहारात बाबा मुलींच्या शिक्षणावर बोलायला उभे राहिले की मी पहिल्या रांगेत बसायचे. मला राग यायला हवा. येत नाही, नुसतं सुन्न वाटतं. आपलेच दात नि आपलेच ओठ.

२५ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. नक्कल दाखवली, हिशेबाचा कागदही. ह्यांनी दोन्ही घडी करून परत दिले आणि स्कूटरचा प्लग साफ करायला गेले. प्लगला काही झालं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

मैदानावर गेले. राऊत सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लग्नाचं सोडून.

"मॅडम, कागद म्हंजे कागद. आपल्याले आधारवरचं वय पायजे. कोतवाल बुक कोन पायते?"

"पण सर, मी साठची नाहीये."

"मले तं तुमी पन्नासच्या बी नाही वाटत." हसले. मग गंभीर झाले, "तारीख बदलाले गेल्या तं पेन्शनच्या कागदांचं काय होईन, इचार केला का? चूप बसा न पळा. राज्याले मेडल हाय तुमचं, मी सांगून राहिलो."

मेडल आहे. खरंच आहे, मलाही माहीत आहे. ३१ मि. त राज्यात साठीच्या किती बायका येतात? दिवसभर तेच डोक्यात. गप्प बसावंसं वाटतं. वाटतं ते लिहिलं पाहिजे.

पण गुरुजींनी लिहिलेला एक आकडा आणि आयुष्यभर सगळ्यांनी तो आपापल्या सोयीने वापरला. शाळेने, बाबांनी, सरकारने. आता मी?

२ डिसेंबर

कुसुमच्या दुकानात. हार ओवत होती. मला वाटलं ऐकून चिडेल, की महिनाभर मी तिची जागा अडवून बसले. सुई थांबवून बघतच राहिली.

"सिस्टर, माह्या आधारवर एक जानेवारी हाय. थ्या आधारवाल्या मानसानं इचारलं, मावशी, वय? म्या म्हटलं, टाक अंदाजानं. त्यानं टाकलं. आता म्या साठची असन का सहासष्टची, मले काय मालूम? माय सांगे, तू झाली तवा कपाशी येचून राहिली होती. कपाशी तं दरसाली येचतेत!"

हसू आवरेना. तीच पुढे म्हणाली, पण हसत नव्हती. "मंग तुह्यं खरं वय सापडलं, तू खरी झाली. मी काय खोटी?"

मी एक हार विकत घेतला, उगाच. पैसे घेतले तिने. एरवी घेत नाही.

७ डिसेंबर

आज हे बोलले. मी भाकरी थापत होते, पाठमोरी.

"मले कोनी सांगतलं नाही."

मी थांबले नाही. ठीक आहे, त्यांचाही दोष नाही, कागद त्यांनाही दाखवला असेल.

मग म्हणाले, "पन मले वाटलं होतं. लगनात तू लय बारीक दिसे. नांदाले आली तवा बी, लहान पोरीवानी. म्या इचारलं नाही."

तव्यावरची भाकरी जळली. एवढी वर्षं! बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होते. तेव्हाही वाटलं होतं का? ओठावर आलं होतं, विचारलं नाही. माणूस वाईट नाही. कधी हात उचलला नाही, नर्सिंगच्या कोर्सला ह्यांनीच घातलं, सासूशी भांडून. हे सगळं खरं आणि तेही खरं. जेवले नाही.

१० डिसेंबर

फॉर्म भरला. पंचावन्नच्या गटात.

राऊत सर खुर्चीतून उठले. नियमाने वरच्या वयाची बाई खालच्या गटात पळू शकते, उलट चालत नाही. म्हणजे कागदाला हात न लावता मला माझ्या गटात उभं राहता येतं. "येते हो पळता, पन काहून? हातातलं टाकून पळत्याच्या मांगे?" मी म्हटलं, माझा तोच गट आहे. सरांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी कुसुमचा फोन, चढ्या आवाजात. "मले सोडेल जागा नाही पायजे! भीक मांगली का म्या?"

"तुझ्यासाठी सोडली नाही गं. ती माझी नव्हती."

"तुले लय मोठेपना पायजे, दुसरं काही नाही." ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

३० मि. ०५ से. नोव्हेंबरपेक्षा दीड मिनिटाने कमी! रागाने पळता येतं हे कोणी सांगितलं नव्हतं. पण निवडीसाठी २९ च्या आत पाहिजे. एक मिनिट पाच सेकंद कुठून आणू?

हे येऊन पायऱ्यांवर बसले होते, जुनं घड्याळ घेऊन. मी बोलावलं नव्हतं. प्रत्येक फेरीला ओरडून वेळ सांगत होते. सातव्या फेरीला मी मान हलवली. तेवढंच. घरात आमचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं.

१७ डिसेंबर

मैदानावरच्या बायका कुजबुजतात. साठची होऊन पंचावन्नच्यात पळते, केवढा तोरा. एकीने तोंडावरच म्हटलं, "शायनिंग मारून राहिली." गंमत आहे. खोटं वय लावून मेडल घेतलं असतं तर यांनीच हार घातला असता.

आणि मी हरणार आहे, हेही दिसतंय. नोव्हेंबरात पंचावन्नच्या गटात पहिली आलेली बाई शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, तिच्या पावलाला माझं पाऊल पुरत नाही. मेडल हातचं सोडलं म्हणून काल रडले. न्हाणीत, नळ सोडून. सत्याचा आनंदबिनंद काही होत नाही, उगाच कोणी सांगू नये.

गावी फोन केला नाही. दादाचे दोन येऊन गेले.

२१ डिसेंबर, रविवार. अकोला

मैदानावर, पायऱ्यांवर बसून लिहितेय. ऊन कोवळं आहे अजून.

नंबर घ्यायच्या टेबलावर एक मॅडम होत्या. आधार बघून म्हणाल्या, "मावशी, चुकीच्या रांगेत लागल्या तुम्ही. साठीवाल्या तिकडे."

"नाही, हीच."

"वय किती तुमचं?"

"अठ्ठावन्न."

तोंडातून निघून गेलं. पहिल्यांदाच कोणापुढे मोठ्याने म्हटलं आणि मीच दचकले. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद. म्हटलं, लिहा, कागदावरचंच लिहा. मागच्या पोरगेल्या बाईने हसू दाबलं, म्हातारी वय चोरते असंच वाटलं असणार तिला.

कुसुम साठीच्या रांगेत. दहा दिवस बोलली नव्हती. आली, माझ्या छातीवरचा नंबर वाकडा होता तो काढून सरळ लावला, चारी पिना नीट टोचल्या. परत जाताना वळून, "मांगे पाहू नको, सिस्टर." मग स्वतःच मागे पाहत गेली.

बुटाच्या नाड्या बांधून झाल्या. पाणी दोन घोट. पाय थंडगार. २९ च्या आत. येईल का? नाही वाटत. येईलही.

बायकांना बोलावताहेत. पिशव्या आत न्यायच्या नाहीत म्हणे. ही वही कोणाकडे द्यायची? इथे हेच आहेत, घड्याळ पुसत बसलेले. ७ तारखेचं पान यातच आहे, आणि तेव्हा ओठावर येऊन जे विचारलं नाही तेही.

देते. उघडू नका असं काही सांगणार नाही.